विषय क्रमांक सातबद्दल, सभेच्या आधी

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आणि आपल्या सोसायटीतले तमाम सभासद,

स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काल दाराच्या फटीतून आत आली. त्यातला सातवा विषय असा : "इमारतीमागील मोकळ्या जागेतील अनधिकृत भाजीपाला लागवड व झाडोरा काढून पेव्हर ब्लॉक बसविणे, शोभिवंत झाडांच्या कुंड्या ठेवणे व सहा दुचाकींच्या पार्किंगची सोय करणे." मराठी चांगलं आहे. 'झाडोरा' हा शब्द तर मी कित्येक वर्षांनी वाचला. पण विषयाला माझा विरोध आहे. सभेत मला बोलायला तीन मिनिटं मिळतील आणि त्यातली दोन माइक चालू करण्यात जातील, म्हणून हे पत्र. सोसायटीच्या ग्रुपवर न टाकता चारचौघांत लिहिते आहे, कारण असलेच ठराव शेजारपाजारच्या सोसायट्यांतही शिजत असतात.

आधी त्या 'अनधिकृत' शब्दाचं बघू. २०२०च्या टाळेबंदीत भाजीची गाडी फाटकाशी यायची आणि पंधरा मिनिटांत रिकामी व्हायची, ते दिवस आठवा. बिल्डरने जाताना मागे जो राडारोडा टाकून ठेवला होता, त्या साठ फूट बाय अकरा फुटांच्या पट्ट्यात तेव्हा आम्ही चौघींनी मेथी फेकली. त्या वेळचे सचिव गॅलरीतून म्हणाले होते, "करा, करा, उंदीर तरी कमी होतील." लेखी परवानगी घेतली नाही, हे कबूल. मेथी अर्थातच आली नाही. विटांच्या तुकड्यांत काय येणार? मग ए विंगमधल्या काकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी तरुणपणी कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराबद्दल ऐकलेलं होतं : माती नसली तरी अडत नाही, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि उसाची चिपाडं कुजवली की माती आपण तयार करतो. टाळेबंदी उठल्यावर रसवंतीवाल्याकडून पोत्यांनी चिपाडं आणली. दुसऱ्या वर्षी पट्ट्यात गांडुळं दिसली, तेव्हा काकांनी पेढे वाटले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही कधी नऊ, कधी चौदा जण तिथे असतो. कुणाला मानधन नाही, सोसायटीच्या खात्यातून रुपया नाही. पाणी म्हणाल तर बहुतेक तांदूळ-भाज्या धुतलेलं.

गेल्या महिन्यात ऋषिपंचमी झाली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, माणसाने हाताने लावलेलं, परसातलं तेवढं खायचं, हा आपल्याकडचा रिवाज. एरवी त्या दिवशी आपण मंडईतून शंभर रुपयांचा वाटा आणतो आणि तो कुणाच्या नांगराखालून आला याची चौकशी करत नाही. यंदा आपल्याच मागच्या पट्ट्यातलं अळू, लाल माठ, अंबाडी, भेंडी, पडवळ, दोडका, सुरणाचा एक कांदा आणि भोपळ्याच्या फोडी असे बावीस वाटे झाले. फक्त मका विकतचा. बावीस घरांत ऋषीची भाजी शिजली. अध्यक्षसाहेब, तुमच्याही घरी डबा आला होता. वहिनींनी तो रिकामा परत न देता साखर घालून दिला. त्या साखरेला जागून मी शक्यतो सौम्य लिहिते आहे.

बावीस वाट्यांना मिळून यंदा भोपळा किती होता? एक. तोही हाताने फळवलेला. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नराची फुलं वेगळी आणि मादीची वेगळी. मादीच्या फुलाखाली गोटीएवढा भोपळा उमलण्याआधीच दिसतो. नवख्या माणसाला वाटतं, झालं, लागला. पण नराच्या फुलातले पिवळे परागकण त्या मादीच्या फुलात कुणीतरी नेऊन पोचवायला हवेत आणि वेळ असते पहाटेपासून फार तर अकरापर्यंत. दुपारी फूल मिटलं की संपलं. परागकण पोचले नाहीत तर तो गोटीएवढा भोपळा तीन-चार दिवसांत पिवळा पडतो, मऊ होतो आणि देठापासून गळतो. एप्रिलमध्ये आम्ही अशा सतरा गोट्या वेचल्या. खत घातलं, पाणी वाढवलं, कुणी ताक शिंपडायला सांगितलं, तेही शिंपडलं. वेल हिरवागार, पानं सुपाएवढी, फुलं रोज, आणि फळ नाही.

मग काका भिंग घेऊन आले. आयुष्यभर त्यांनी मनगटी घड्याळं दुरुस्त केली आहेत; वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही हात हलत नाही. सकाळी सात वाजता ते वेलाशी उकिडवे बसले, नराचं फूल खुडलं, त्याच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि मधला पिवळा दांडा मादीच्या फुलात हलकेच टेकवला, रांगोळीचा ठिपका द्यावा तसा. अशी पाच फुलं केली. चार गळाली, एक धरलं. ऋषिपंचमीला तुम्ही खाल्लीत ती फोड त्या एकाची. पावसाळी वेलाचे भोपळे आता कुठे धरताहेत. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, म्हणजे त्यांच्यासाठी पुन्हा दिवेलागणीला भिंग घेऊन हजर. आठवडाभर हे केल्यावर काका म्हणाले, "अहो, हे काम फुकट करणारे कुठे गेले?"

कुठे गेले ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये सी विंगच्या पाण्याच्या टाकीखालचं आग्यामोहोळ उतरवायला समितीने माणसं बोलावली. रात्री नऊनंतर टेंभा, धूर आणि वर कसलासा फवारा. सकाळी सफाईच्या मावशी जिन्यातून मेलेल्या माश्या सुपडीने भरत होत्या, तीन सुपड्या मी स्वतः मोजल्या. पोळं सहा महिने तिथे होतं, लिफ्टच्या खोलीपेक्षाही उंच. तोवर त्याने कुणाला काही केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि त्याच पोळ्याचा मध पाण्याच्या बाटल्यांत भरून त्या माणसांनी फाटकाशी विकला. आपल्यातल्या तीन घरांनी तो घेतला. त्यावर फवारा मारला होता, एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे २० मेला सोसायटीच्या ग्रुपवर 'जागतिक मधमाशी दिना'चं चित्र आलं, खाली गुलाबाची तीन फुलं. कुणी टाकलं ते लिहीत नाही.

एक पोळं गेलं म्हणून भोपळा गेला, असं सरळसोट मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात कीटकनाशकवाल्याने पुढच्या कुंपणापासून मागच्या लिंबापर्यंत सगळीकडे फवारणी केली होती, तीही सकाळी दहाला, भर फुलोऱ्यात. लिंबावरच्या ज्या अळ्या पक्ष्याची विष्ठा पडल्यासारख्या दिसतात आणि ज्यांची आपल्याला किळस येते, त्यांची फुलपाखरं होतात. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखरू केलं ते नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. शाळेच्या प्रकल्पासाठी त्याची चित्रं छापून आणायला आपली मुलं रंगीत प्रिंटचे वीस-वीस रुपये देतात.

'माशी' म्हणजे एकच काहीतरी गुणगुणणारं आणि चावणारं, असं मलाही पाच वर्षांपूर्वी वाटायचं. आता त्यांची घरं ओळखते. आग्या उंचावर, उघड्यावर, एकच मोठं पोळं करून. सातेरी अंधारी पोकळी शोधते, मधाच्या पेट्यांत पाळतात त्यांपैकी हीच आपली देशी माशी. फुलोरी झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावते. आणि पोया, जिला डंखच नसतो, ती आपल्या मीटर रूमच्या भिंतीच्या भेगेत आहे. जाऊन बघा, डाव्या कोपऱ्यात डिंकाची पेन्सिलएवढी नळी बाहेर आलेली दिसेल, तिच्या तोंडावर डोळ्यांत न भरणाऱ्या काळ्या माश्या. इलेक्ट्रिशियनने ती नळी दोनदा मोडली, त्यांनी दोनदा बांधली.

ह्यांच्यापलीकडे एकटे राहणारे कितीतरी. आपल्या वेलांच्या मांडवाच्या बांबूंना 'वाळवी लागली' अशी तक्रार समितीकडे गेली होती ना? ती वाळवी नव्हती. तो भुंगा. काळा, निळसर पंखांचा, सुक्या बांबूला गोल भोक पाडून आत पिल्लं वाढवतो. भुसा खाली पडतो तो त्याचा. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग बंद नळीत असतात, टोकाला एवढंसं छिद्र. भुंगा त्या फुलाला मिठी मारून सगळं अंग थरथरवतो, मिठाची बाटली हलवावी तसे पराग बाहेर पडतात. त्या क्षणी त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम वर चढतो, जवळ उभं राहिलं तर स्वच्छ ऐकू येतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. वाऱ्यानेही थोडंफार भागतं, पण भुंगा असला की वांगी भरून लागतात. आणि कित्येक एकट्या माश्या घर करतात ते उघड्या, भुसभुशीत जमिनीत. म्हणजे पेव्हर ब्लॉक बसवलेत की वरची भाजी तर जाईलच, खालची घरंही गाडली जातील. कुंडीतल्या ॲरेका पामखाली त्यांनी जायचं कुठे?

आमच्या चुकाही सांगते, नाहीतर खजिनदार सभेत सांगतीलच. गेल्या जूनमध्ये आमचा निळा ड्रम आठ दिवस उघडा राहिला आणि त्यात डासांच्या अळ्या झाल्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, तेव्हा बी विंगचा संताप रास्त होता. आता ड्रमला जाळी आहे आणि टाकीत गप्पी मासे. त्यानंतर समितीने धुराची गाडी बोलावली, त्या धुराने त्या दिवशीचे उडते डास मेले असतील. पाण्यातल्या अळ्यांचं त्याने काही बिघडत नाही, आणि उडणारं बाकी सगळंही डासांबरोबर गेलं. दुसरी चूक : पहिल्या वर्षी आम्ही 'माश्यांसाठी' म्हणून हौसेने नर्सरीतून लाडवाएवढा गच्च झेंडू आणला. दिसायला देखणा. पण त्या दाटीवाटीच्या पाकळ्यांत माशीला आत शिरायला वाट सापडत नाही. सगळा झेंडू दसऱ्याच्या तोरणात गेला. आता गावठी, एकेरी झेंडू लावतो. तिसरी चूक कंपोस्टच्या वासाची, त्याबद्दल डी विंगची जाहीर माफी. सुकी पानं कमी पडली होती.

भीतीबद्दल. आग्यामोहोळ उठलं तर माणूस दगावू शकतो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डी विंगमधल्या एका मुलाला दोन वर्षांपूर्वी रात्री रुग्णालयात न्यावं लागलं होतं. एसीच्या बाहेरच्या डब्याला पोळं होतं ते गांधीलमाशीचं, मधमाशीचं नव्हतं. पण सुजलेला चेहरा घेऊन बसलेल्या आईला हा फरक सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून म्हणते, जिन्याशी, खिडकीशी, मुलांच्या हाताशी पोळं असेल तर ते तिथून हलवायलाच हवं. फक्त जाळून नको. न मारता पोळं उतरवणारी शिकलेली माणसं आहेत. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यात आहे, राज्याचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तिथून अशा माणसांचा पत्ता काढता येईल. महाबळेश्वरला आपण स्ट्रॉबेरी खायला जातोच. त्याच्याच जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं, तिथे माणसं आणि माश्या एकमेकांच्या अंगणात राहतात.

आणि टाकीखाली, तेराव्या मजल्याच्या वर असेल तर राहू द्या. आग्या कायमचं ठाण मांडत नाही, फुलोरा सरला की स्वतःहून दुसरीकडे जातो. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी, आणि रात्री त्या अंगाचे मोठे दिवे बंद. माश्या रात्री घरात येतात त्या ट्यूबच्या उजेडाकडे, आपल्यावर राग धरून नव्हे. मुलांना दगड मारू द्यायचे नाहीत, फटाक्यांचे बाण त्या दिशेला लावायचे नाहीत. एवढं पथ्य आपण गणपतीत मांडवाच्या वायरींसाठी पाळतोच की.

आता मागणं.

विषय सात एक वर्ष पुढे ढकला. पुढच्या सप्टेंबरमध्ये पट्टा बघा, मग ठरवा. सहा दुचाकींच्या जागेचं म्हणाल तर तळघरात नऊ गाड्या अशा आहेत ज्यांच्या चाकांत दोन वर्षं हवा नाही. एकीच्या सीटखाली मांजरीने यंदा पिल्लं घातली. मालकांना नोटीस पाठवा, नऊ जागा फुकट मिळतील, ब्लॉकचा खर्च वाचेल तो वेगळा. शिवाय पावसाचं पाणी जिथे मुरतं अशी आपल्या आवारात ती एकच जागा उरली आहे, आणि मे महिन्यात बोअरवेल आटली की टँकरची बिलं कोण काढतं हे खजिनदारांना विचारा.

कीटकनाशकवाल्याच्या करारात दोन ओळी घाला : फुलावर आलेल्या झाडांवर फवारणी नाही; दुसरीकडे करायचीच झाली तर सूर्य मावळल्यावर, आणि दोन दिवस आधी फलकावर सूचना. मोहोळ दिसलं तर समितीने आधी आमच्यापैकी कुणाला हाक मारावी. आम्ही येऊन बघू, कोणती माशी ते सांगू, हलवायची असेल तर शिकलेला माणूस आणू, खर्च आमची वर्गणी.

पुढच्या कुंपणाबद्दल एक सूचना आहे, हट्ट नाही. ड्युरांटाची ती पिवळी भिंत माळी दर पंधरा दिवसांनी कातरतो, त्यामुळे तिला कधी फूलच येत नाही. वर्षाचे बाराही महिने तिथे कुणालाच काही खायला नाही. आपल्या आजोळी कुंपणाला काय असायचं? मेंदी, कोरांटी, अडुळसा, निर्गुडी. मेंदी फुलली की संध्याकाळी अख्खं अंगण घमघमायचं. कोरांटी थंडीत फुलते, अडुळशावर भुंगे तुटून पडतात, आणि खोकल्याला पानं घरची. एकदम उपटायला सांगत नाही. गेटच्या डाव्या बाजूचे दहा फूट आम्हाला द्या. रोपं फांद्या खोचून आम्हीच करू. आणि माळीबुवांना सांगा, कोथिंबीर, मोहरी, बडीशेप, तुळस यांना तुरे आले की 'वाया गेलं' म्हणून उपटू नका. माश्यांची पंगत तेव्हाच तर बसते.

बियाण्याचंही सांगून टाकते. आमच्यातली एक जण अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांच्या कोंभाळणे गावी जाऊन आली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई. घरातल्या मडक्यांत, राखेत जपलेलं गावठी बी त्यांनी गावोगाव पोचवलं. ते बघून आल्यापासून आम्ही वाल, घेवडा, दोडका, लाल माठ यांचं बी धरतो. संकरित पाकिटातलं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, हे धरलेलं पुढच्या वर्षी पुन्हा तसंच उगवतं. सध्या बाराशेच्या वर वालाचे दाणे माझ्या देवघराच्या खणात बरणीत आहेत. नातीने मोजले. ज्याला हवे त्याने घेऊन जावेत, कुंडीतही येतो.

रखवालदारांच्या बायकोचा उल्लेख राहिला तर पाप लागेल. वेल्ह्याकडची आहे. आम्ही तण म्हणून उपटून टाकत होतो त्यातून तिने टाकळा, कुर्डू, घोळ, केना वेगळा काढून भाजी करून दाखवली. कृषी खात्याच्या रानभाजी महोत्सवात याच भाज्यांच्या जुड्या रांगेत उभं राहून विकत घेतात लोक. नोटिशीतला 'झाडोरा' तो हाच. पट्ट्याचा निम्मा हिशेब तिच्या डोक्यात आहे, आणि सभेत तिला मत नाही.

विरोध असेल त्यांनी मत देण्याआधी एकदा रविवारी सकाळी सातला मागे या. जुनी चप्पल घाला, चिखल आहे. पावसाळी भोपळ्याला सध्या रोज चार-पाच मादी फुलं येतात. यंदा पाऊस उघडल्यापासून फुलांवर सातेरी पुन्हा दिसू लागली आहे, परवा एकाच फुलात तिघी होत्या, पिवळ्याजर्द होऊन बाहेर आल्या. काकांनी भिंग खिशात ठेवलं आणि चहा प्यायला गेले.

कळावे,
आपली,
बी विंग, तळमजल्यावरची एक सभासद
(रविवारच्या मंडळींच्या वतीने)

ता. क. : पाण्याच्या नळीचं पितळी तोंड गेल्या बुधवारपासून सापडत नाही. कुणी गाडी धुवायला नेलं असेल तर मागच्या फाटकाच्या खुंटीवर अडकवून ठेवा. कोण ते विचारणार नाही.